एक घर, पाच रजिस्टरं : ब्राझीलच्या सेआरा किनाऱ्यावर आरोग्यसेवेची सांगड कशी घातली



बंदीच्या आधीच्या सभेत यंदा आरोग्याचा विषय घ्यायचा आहे. सभेत डिझेलचा विषय एकदा निघाला की बाकी सगळं वाहून जातं, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून आधीच इथे सविस्तर लिहितोय. लेख लांब आहे. ज्यांना वाचायचा कंटाळा येतो त्यांनी घरच्या मुलांकडून वाचून घ्यावा, पण सभेला येताना डोक्यात काहीतरी घेऊन यावं.

आधी एक हिशोब करू. आपल्या वाड्यावरच्या एका घरात वर्षभरात आरोग्याच्या कामासाठी किती माणसं येतात? डेंग्यू-मलेरियावाले येऊन टाकी आणि पिंप बघतात. पोलिओ रविवार झाला की दारावर खडूने खूण करणारे येतात. अंगणवाडीची बाई येते. बाळंतीण असली की नर्स येते. कुणाला टीबी असला तर टीबीवाले येतात. प्रत्येकाचं रजिस्टर वेगळं. एकाच घराचं नाव पाच रजिस्टरांत लिहिलेलं असतं आणि पाचातल्या एकालाही अख्खं घर दिसत नाही. टाकी बघायला आलेला माणूस आत खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्याला बघतो, पण ते त्याचं काम नाही. तोही बिचारा काय करणार, त्याला अजून चाळीस टाक्या बघायच्या असतात.

याचा परिणाम काय होतो ते सांगतो. आपल्याच एका सभासदाच्या आईला बीपी आहे. एका मोठ्या हॉस्पिटलातून डिस्चार्ज घेताना तिला गोळ्या लिहून दिल्या. बाजारातल्या डॉक्टरकडे ती आधीपासून जात होती, त्याच्या गोळ्या चालूच होत्या. दोन पाकिटं, दोन नावं, पण आत औषध एकच. आज्जी दोन्ही घेत राहिली. एक दिवस मोरीत चक्कर येऊन पडली आणि खुबा मोडला. या डॉक्टरने चूक केली, त्या डॉक्टरने चूक केली, असं आम्ही म्हणत नाही. दोघांनी आपापल्या जागी बरोबरच लिहिलं असेल. दोन्ही पाकिटं एका जागी ठेवून बघणारं माणूस मधे नव्हतं, एवढंच.

हे मधलं माणूस जगात कुठे आणि कसं उभं राहिलं, याचा आम्ही थोडा अभ्यास केला. सगळ्यात चांगलं उदाहरण सापडलं ते ब्राझीलमधलं, आणि तेही किनाऱ्यावरच्या राज्यातलं.

ब्राझीलच्या ईशान्येला सेआरा नावाचं राज्य आहे, राजधानी फोर्तालेझा. लांबलचक किनारा, आत कोरडा मुलूख, दर काही वर्षांनी दुष्काळ. तिथले मच्छीमार लाकडाच्या, शिडाच्या होडीने समुद्रात जातात. तिला ते जांगाडा म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरून उचलला, मल्याळममधल्या चंगाडम या शब्दावरून. आपल्याकडे दोन होड्या एकमेकींना बांधल्या की सांगड म्हणतात, तो शब्दही त्याच कुळातला. या सेआराच्या मच्छीमारांचा एक मोठा मान आहे. १८८१ साली फोर्तालेझाच्या बंदरात जांगाडावाल्यांनी गुलामांना जहाजापर्यंत नेऊन पोचवायला नकार दिला. त्यांचा पुढारी फ्रान्सिस्को जोझे दो नासिमेंतो, ज्याला लोक पुढे ‘समुद्राचा ड्रॅगन’ म्हणू लागले. १८८४ साली सेआरात गुलामगिरी संपली, बाकीच्या ब्राझीलच्या चार वर्षं आधी. विषय सोडून सांगतोय, पण आपल्या धंद्यातल्या माणसांनी काय करून ठेवलंय ते माहीत असावं.

तर १९८७ साली या सेआरात मोठा दुष्काळ पडला. सरकारने नेहमीप्रमाणे दुष्काळी कामं काढली. पण त्यात एक वेगळी गोष्ट केली. रस्ते आणि बांध यांच्या बरोबरीने सुमारे ६,००० माणसं आरोग्याच्या कामावर घेतली, त्यात बहुतेक बायका होत्या. डॉक्टर नाही, नर्स नाही, गावातल्याच साध्या बायका. थोड्या दिवसांचं शिक्षण दिलं आणि घरोघर पाठवलं. मुलाला जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, अंगावरचं दूध का सोडू नये, लस कधी, वजन कसं करायचं, गरोदर बाईला दवाखान्यात कधी न्यायचं, एवढंच सुरुवातीला शिकवलं होतं. दुष्काळ संपला. लोकांना वाटलं आता हेही बंद पडेल, दुष्काळी कामं बंद पडतात तसं. पण राज्याने ते बंद केलं नाही, कायम केलं.

तेव्हा सेआरात जन्मलेल्या हजार मुलांमागे शंभराच्या आसपास मुलं पहिला वाढदिवस बघत नव्हती. १९९२ च्या सुमारास हा आकडा ६५ वर आला. १९९३ साली युनिसेफने या कामासाठी सेआरा राज्याला पुरस्कार दिला. ब्राझीलच्या केंद्र सरकारने १९९१ सालीच ही योजना देशभर सुरू केली होती, आणि १९९४ पासून तिच्यामागे डॉक्टर-नर्सची टीम जोडली. आज त्या देशात अशा अडीच लाखांहून जास्त सेविका आणि सेवक आहेत.

आता खरा शिकण्याचा भाग. घरोघर जाणाऱ्या बायका तर आपल्याकडेही आहेत. मग त्यांच्याकडे वेगळं काय?

एक म्हणजे घरं ठरलेली. एका सेविकेकडे साधारण दीडशे घरं, जास्तीत जास्त ७५० माणसं. त्या घरांत कुणी आजारी असो नसो, महिन्यातून एकदा ती जाणार म्हणजे जाणार. आपल्याकडे पदेर जसा रोज दारावर येतो तसं. पदेराला विचारा, कुठल्या घरात पाहुणे आलेत, कुठल्या घरात दोन दिवस पाव घेतला नाही, त्याला सगळं ठाऊक असतं. कारण तो निवडून चार घरी जात नाही, सगळ्या घरी जातो. सेविका फक्त आजारी घरी गेली तर तिला आजार दिसेल. सगळ्या घरी गेली तर आजाराच्या आधीचं दिसेल. कोणाचा खोकला तीन आठवडे झाले तरी जात नाही, कोण जेवत नाही, कोणत्या घरात दारू वाढली, कोणत्या पोरीला दिवस गेलेत आणि ती सांगत नाही, हे सगळं.

दुसरं, तिचं काम एका रोगाचं नाही. टीबीही तिचा, साखरही तिची, लसही तिची, टाकीतल्या अळ्याही तिच्याच. घराचा एक कागद असतो. त्यात घरात कोण कोण राहतं, वय काय, कुणाला काय आजार, पाणी कुठून येतं, संडास आहे की नाही, सगळं एकाच ठिकाणी लिहिलेलं. पाच रजिस्टरांचं एक रजिस्टर झालं.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती एकटी नाही. तिच्यामागे एक डॉक्टर, एक नर्स, नर्सची मदतनीस आणि तिच्यासारख्याच चार-सहा सेविका अशी टीम असते. ही टीम साधारण तीन-चार हजार माणसं सांभाळते. टीम नियमित एकत्र बसते आणि सेविका घराघराचं सांगते. अमक्या घरची आज्जी दोन डॉक्टरांच्या गोळ्या घेते, असं तिने सांगितलं की नर्स त्याच आठवड्यात जाऊन पाकिटं बघते. डॉक्टरला घरी जावं लागलं तर तो जातो. माणूस मोठ्या हॉस्पिटलातून परत आला की पुढचं बघायचं कुणी, हा प्रश्न उरत नाही. होडीवर तांडेलाला डोळे लागतात, इंजिनवाल्याला कान लागतात, पण दोघांनी एकमेकांशी बोललंच नाही तर होडी खडकावर जाणारच. तिथे बोलणं नेमून दिलेलं आहे.

शिवाय ती त्याच वस्तीत राहणारी असावी लागते, आणि तिला पगार मिळतो. सेवाभाव वगैरे बोलायला बरं असतं, पण ज्याला महिन्याच्या शेवटी घर चालवायचंय त्याच्याकडून दहा वर्षं फुकट काम होत नाही. आपल्या बोटीवर कोण फुकट येतो?

सगळं गोड आहे असंही नाही. मोठ्या शहरांच्या वस्त्यांत गोळीबार चालू असला की सेविका गल्लीत जाऊ शकत नाही. २०१६ नंतर ब्राझीलमध्ये सरकारी खर्चावर मर्यादा घातली गेली, आणि २०१७ च्या धोरणात टीममध्ये सेविका किती असाव्यात याचा नियम सैल केला. पैसे कमी झाले की पहिली कात्री कुणाला लागते ते सांगायला नको. तरीसुद्धा पद्धत चांगली आहे म्हणून लंडनसारख्या शहराने ती २०२१ पासून आपल्या एका भागात करून बघितली. ब्राझीलकडून शिकून, इंग्लंडने! एरवी उलटं ऐकायची सवय असते.

आणि लांब कशाला, आपल्या महाराष्ट्रात जामखेडला हे ब्राझीलच्याही आधी झालं. नगर जिल्ह्यात डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. गावातल्या बायकांना, त्यातल्या बऱ्याच लिहिता-वाचता न येणाऱ्या आणि दलित समाजातल्या, त्यांनी आरोग्य सेविका म्हणून तयार केलं. त्या ठरलेल्या दिवशी केंद्रावर येऊन शिकायच्या, एकमेकींना अनुभव सांगायच्या आणि परत गावात जायच्या. मागे डॉक्टरांची फिरती टीम होती. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि बाळं दगावण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. १९९९ साली ते जगापुढे आलं. पुढे आशा सेविकांना बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी जायला शिकवलं जातं, त्याच्या मागे हा अनुभव आहे.

आशा योजना देशात २००५ साली आली, हजार वस्तीमागे एक आशा. शेजारच्या सिंधुदुर्गात आणि बेळगाव-कारवारकडे आपले नातेवाईक आहेत, त्यांच्याकडे आशाताई सगळ्यांना माहीत आहे. पण गोव्यात ही योजना आली नाही. इथे दवाखाने जवळ, रस्ते चांगले, म्हणून ते काम नर्स, बहुउद्देशीय कर्मचारी आणि अंगणवाडी सेविका यांच्याकडेच राहिलं. खरं आहे, आपल्याकडे दवाखान्याची वाण नाही. १०८ लावली की गाडी येते, बांबोळीला नेते. दीनदयाळ योजनेचं कार्ड बहुतेक घरांत आहे, तीन माणसांपर्यंतच्या घराला अडीच लाख आणि मोठ्या घराला चार लाखांपर्यंतचं संरक्षण. मोठं दुखणं आलं तर मार्ग आहे. पण कार्ड हॉस्पिटलात दाखल झाल्यावर कामाला येतं. दाखल व्हायची वेळ येऊ नये म्हणून महिन्याला दार वाजवणारं कोणी नाही. आपल्याकडे साखर आणि बीपी घरटी आहे. पाय काळा पडल्यावर आपण जागे होतो.

आता जेटीवर या.

घराचं तरी रजिस्टर आहे. खलाशाचं काय? ओडिशा, झारखंड, कर्नाटक, कुठून कुठून पोरं येतात आणि आठ-दहा महिने ट्रॉलरवरच झोपतात. घर नाही, म्हणून घराच्या रजिस्टरात नाव नाही. बाहेरून येणाऱ्या कामगारांसाठी हेल्थ कार्ड असतं, ते एकदा काढलं की काढलं. नंतर त्याला ताप आला तर तांडेल मेडिकलमधून गोळी आणतो आणि बोट सुटते. २०२४ साली मोसम सुरू झाल्यावर कुटबण जेटीवर कॉलरा आला, खलाशी दगावले, हे आपण सगळ्यांनी वाचलं. त्या वेळी धावपळ झाली, पाणी आणि संडासाची चर्चा झाली. कॉलरा काही एका दिवसात येत नाही. पहिल्या दोन पोरांना जुलाब होतात, तेव्हा ते बघणारं आणि आरोग्य केंद्राला सांगणारं कोणीतरी जेटीवर असायला लागतं.

टीबीचं तर विचारूच नका. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, पोरगा म्हणतो मी बरा झालो. मग बोट बदलतो, जेटी बदलतो किंवा बंदीत गावी जातो. औषध तुटलं की तोच टीबी हट्टी होऊन परत येतो आणि तोवर केबिनमध्ये शेजारी झोपणाऱ्या आठजणांना देऊनही झालेला असतो. खरं तर सरकारच्या निक्षय यंत्रणेत पेशंटला नंबर मिळतो आणि एका केंद्राकडून दुसऱ्या केंद्राकडे नाव पाठवता येतं, मग ते देशात कुठेही असो. पोषणासाठी महिन्याला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले आहेत. सोय आहे. पण पोरगा अमुक तारखेला गावी निघाला हे केंद्राला सांगणार कोण? त्याला स्वतःला नंबर म्हणजे काय तेच माहीत नसतं.

इथे आपली सोसायटी कामाला येऊ शकते, असं आमचं मत झालंय. कारण यादी आपल्याकडे आहे! कुठल्या बोटीवर कोण, आधार नंबर काय, गाव कुठलं, कधी आला आणि कधी सोडून गेला, हे बोटमालकांना ठेवावंच लागतं. सेआराच्या बायकांना ही यादी दार वाजवून तयार करावी लागली. आपल्या खलाशांची अर्धी यादी कपाटात पडून आहे.

मालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो, राग आला तरी चालेल. कोणाला कुठला आजार आहे हे सोसायटीच्या यादीत लिहिलं जाणार नाही आणि मालकाला दाखवलं जाणार नाही. ते आरोग्य केंद्राच्या कागदावर राहील. टीबी कळला की पात्रांव बोटीवरून काढून टाकेल ही भीती पोरांच्या मनात आहे, आणि ती उगाच नाही. ती भीती गेली नाही तर एकही पोरगा खोकल्याचं सांगणार नाही. औषध नीट सुरू झालं की थोड्या आठवड्यांत बहुतेकांकडून दुसऱ्याला लागण होत नाही. कामावर कधी घ्यायचं ते डॉक्टर सांगेल. तोवर त्याला किनाऱ्यावर जाळं दुरुस्तीचं काम देता येतं. लपवलेला टीबी अख्ख्या बोटीला महाग पडतो.

सभेपुढे आम्ही काय ठेवणार आहोत, ते आता सांगतो. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटून एक विनंती करायची, की वाड्यासाठी आणि जेटीसाठी एकच कर्मचारी नेमून द्या आणि जेटीवर त्याचा वार ठरवा. शनिवार-रविवार नको, त्या दिवशी बोटी कधी आत कधी बाहेर. त्याच्या जोडीला आपल्यातल्या बायका, प्रत्येक वाड्यावरून एक. आमच्या डोक्यात पाटी घेऊन दारोदार मासळी विकणाऱ्या बायका आहेत. त्या रोज त्याच घरांत जातात, लोक त्यांच्याशी बोलतात, आणि हिशोबाला त्या आपल्या सगळ्यांपेक्षा पक्क्या. औषध देणं, सुई देणं हे त्यांचं काम नाही आणि तसं कुणी करायचंही नाही. त्यांनी घर बघायचं, ऐकायचं आणि आठवड्यातून एकदा केंद्राच्या नर्सबरोबर बसून सांगायचं. शिकवणं केंद्राने करावं. केंद्र तयार झालं तरच पुढे जायचं, कारण मागे टीम नसेल तर या बायकांनी बघितलेलं कुणाला सांगायचं?

त्यांना मानधन द्यावं लागेल. इथेच सभेत आवाज चढणार. काहीजण आत्ताच म्हणतायत, हे सरकारचं काम, सोसायटीने का करायचं? डॉक्टर, औषध, तपासणी हे सरकारचंच काम आणि ते आपण सरकारकडूनच घ्यायचं. पण दार वाजवणारं माणूस सरकार देईपर्यंत थांबायचं का, हा प्रश्न आहे. आमचा प्रस्ताव असा, की डिझेल विक्रीतून सोसायटीला जो फायदा राहतो त्यातला ठरलेला भाग एक वर्षासाठी यासाठी ठेवायचा. किती, ते सभेने ठरवावं. वर्षाने हिशोब मांडू. किती घरी गेल्या, किती जणांना केंद्रात नेलं, किती जणांचं औषध पूर्ण झालं. जमलं नाही तर बंद करू.

सुरुवात बंदीतच करावी लागेल. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पुरुष मंडळी घरी असतात. एरवी ती पहाटे जातात आणि आल्यावर झोपतात, बीपी बघायला सापडत नाहीत. नारळी पौर्णिमेला नारळ सोडायच्या आधी प्रत्येक घरचा कागद भरून झाला पाहिजे. बाहेरचे खलाशी मात्र बंदीत गावी जातात, त्यांचं मे महिन्यात निघण्याआधी आणि ऑगस्टमध्ये आल्या आल्या, असं दोनदा करावं लागेल. ज्यांचं औषध चालू आहे त्यांनी निघायच्या आधी केंद्रात गावाचं नाव सांगून जावं, हे तांडेलांनी आतापासूनच बोटीवर सांगावं. त्यासाठी सभेची वाट बघायची गरज नाही.

ज्या भगिनींना हे काम करायची इच्छा आहे त्यांनी सभेच्या आधी ऑफिसात नाव द्यावं. शिक्षणाची अट नाही, वाड्यावर राहणारी हवी. बोटमालकांनी खलाशांची यादी नवीन करून आणावी, आणि त्यात एक रकाना वाढवावा: गावी फोन कुणाला करायचा. मागच्या वर्षीच्या याद्यांत तो कुणीच भरलेला नाही. घरी सगळ्यांनी आजच एक गोष्ट करून बघा. म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांची सगळी पाकिटं एका पिशवीत घाला, आत लिहिलेल्या औषधाचं नाव वाचा, दोन पाकिटांवर एकच नाव दिसलं तर स्वतःच्या मनाने काही बंद करू नका, पिशवी घेऊन डॉक्टरकडे जा.